एकशे अडुसष्ट

मशीनने आकडा दाखवला तेव्हा
मी नळी हलवून पुन्हा लावली.
तोच आला.
एकशे पंचेचाळीसच्या वर गेलं की
आम्ही तांबड्या शाईनं लिहितो.

पारिसा भरमा उपाध्ये, वय एक्क्याऐंशी, खाट अकरा.
मुलगी निपाणीच्या वखारीतून तशीच आलेली,
ओच्याला तंबाखूचा वास.
"मीठ तर कधीच बंद केलंय की ओ,
भाकरीच्या पिठातसुद्धा घालत नाही."

मीठ आहे तेवढंच आहे, बाई.
पाणी उतरलंय.
आमटी चुलीवर विसरली की
खारट होते, तसं.

दिवस बुडाल्यावर पाणी घ्यायचं नाही, त्यांचा नेम.
नेम लक्षात राहिला,
दिवसा प्यायचं राहून गेलं.
"मागितलंच नाही त्यांनी," ती म्हणाली.

न मागणाऱ्यांचाच हा आजार.
तहान कशी असते ते विसरलेले,
आठवली तरी तांब्यापर्यंत हात न पोचणारे,
आणि गेल्या महिन्यातलं चार दिवसांचं बाळ,
आईला दूध उतरलं नव्हतं,
ते रडायचं थांबलं
तर घरचे म्हणाले, गुणाचं आहे.

माझ्या नोंदवहीत
शंभर माणसांत एखादं
दारातून येतानाच तांबडं असतं.
दुसरं, तिसरं
आमच्याकडे आल्यावर होतं.
इथंच. पंख्याखाली.
स्टुलावर भरलेली बाटली,
झाकण घट्ट.
हे मी मिटिंगमध्ये बोलत नाही.

इथं फॉर्म कन्नडमध्ये, भांडण मराठीत,
औषधाचं नाव इंग्रजीत.
मल्लव्वा सिस्टर कानाशी वाकते,
"नीर बेकेन री, अज्जा?"
मग, "पाणी पाहिजे काय, आज्जा?"
ओठ हलतात.
कुठल्या भाषेत, ते दोघींनाही कळत नाही.

डॉक्टर सांगतात, सावकाश.
एकदम दिलं तर मेंदू सुजतो.
थेंब मोजायचे, तास मोजायचे.
तहानलेल्याला मोजून पाणी?
माझ्या आईला हे पटलं नसतं,
ती पोस्टमनलाही तांब्या भरून द्यायची.

पहाटे एकशे त्रेसष्ट.
अजून तांबडंच.
मुलगी जिन्यात उभी, पदर तोंडाशी.
"उतरलं काय ओ?"
पाचनं, म्हटलं.

तिनं जरा विचार केला.
"पाच म्हणजे किती तांबे?"