बर्फाचा कीस

जिंकलो. तीन-दोन.
तरी स्टेशनसमोरच्या खानावळीत
आम्ही बसलोय मयताहून आल्यासारखे,
ओल्या मफलरी हीटरवर टाकून.
बाहेर उणे अठरा. तात्रा डोंगर
अंधारात कुठेतरी आहेत, असं धरून चालायचं.

देझिदेर म्हणतो, याला जिंकणं म्हणत नाहीत.
चाळीस वर्षं त्याने रेल्वेचे सांधे बदलले;
गाडी रुळावरून घसरली नाही
एवढ्यावर तो कधी खूश झालेला नाही.
"आपले पाच, त्यांचे चार, पुरती दोन मिनिटं,
आणि चकती नुसती फिरवतायत,
लग्नाच्या जेवणात शेवटचा लाडू फिरावा तशी.
तू घे. छे, तू घे. अरे, आधी तुम्ही.
लाडू खाल्ला कोणी? त्यांनी!"

विजयी गोलाचा विषय कुणी काढत नाही.
तो कुबिनेट्सच्या ढुंगणाला लागून आत गेला.
बिचारा पडला होता, उठत होता, पाठमोरा.
त्याला टाळ्यांवरून कळलं.
वेन्देलीन औषधविक्या, बोलतोही ग्रॅममध्ये:
"योग्य जागी असणं, हेही कौशल्यच."
"जागा योग्य होती," देझिदेर म्हणाला,
"अवयव चुकला."

मी गणिताची बाई. लाल पेन सुटत नाही.
गोलरक्षक हलाश: साडेसात,
डावी बाजू अजून उघडी, लोटलेल्या दारासारखी.
कर्णधार: कृपांक धरून पाच.
पहिली फळी: रीत बरोबर, उत्तर चूक.

ब्लाझेना मात्र शेवटी बोलते.
बर्फाचं यंत्र ती चालवते,
खेळ संपला की अख्खं मैदान पुसून कोरं करते.
"तुम्ही आकडे बघता, मी कीस बघते.
तिसऱ्या सत्रात त्यांच्या गोलसमोरचा बर्फ
मी ओतला तसाच्या तसा. भांग पाडून घ्यावा त्यात बघून.
आपल्या बाजूला बादल्या भरल्या.
वीस मिनिटं आपण आपल्याच दारात
चपला शोधत होतो."

यावर काय बोलणार. आम्ही बियर मागवली
आणि तिच्या किसाचाही कीस पाडायला घेतला.

तेवढ्यात दार उघडलं.
थंडीचा लोट आला, त्याच्यामागे सत्तावीस नंबर,
साध्या कोटात, ओठाला तीन टाके,
हातात सूप न्यायला आणलेला डबा.
दोन महिने पगार नाही त्यांना; गावात सगळ्यांना ठाऊक आहे,
म्हणून डब्याकडे कुणी बघितलं नाही.
"अभिनंदन," देझिदेर म्हणाला.
"कसलं? भिकार खेळलो," तो म्हणाला.
"दुसरा गोल माझ्यामुळे. नशिबाने वाचलो."

तासभर आम्ही हेच तर म्हणत होतो.
पण देझिदेर उठला, कानापर्यंत लाल:
"भिकार? शेवटच्या मिनिटाला
तो फटका थोबाडावर घेतला कोणी? मी?"
वेन्देलीनला आठवलं, चकती कडेला आपटून उडाली होती,
तिथे देवही काही करू शकला नसता.
ब्लाझेनाने शपथेवर सांगितलं,
त्यांच्या गोलसमोरही कीस होता. चांगला ओंजळभर.
मी वही पालथी घातली.
त्याच्या नावापुढे चार होते.

तो आमच्याकडे बघत राहिला,
पत्ता चुकलेल्या माणसासारखा.
मग डबा घेतला, सुटे मोजले,
टाके सांभाळत अर्धवट हसला आणि गेला.

लसणाचा वास राहिला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग खिडकीकडे बघत देझिदेर, हळूच:
"पण दुसरा गोल होता त्याचाच."
"त्याचाच," आम्ही म्हणालो.

मी चाराचे साडेचार केले. अर्धा ओठाचा.
ब्लाझेनाने किल्ल्या उचलल्या,
सहाला पोरांचा सराव असतो.
मंगळवारी परगावचा सामना, बस अडीचला.
देझिदेरने पुढची जागा सांगून ठेवलीय,
तिथून ड्रायव्हरच्याही चुका दिसतात.