मुका मार

शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघी सॉनात बसतो.
हियुमा बेटावर ही एकच जागा,
जिथे कुणाला खिसे नसतात.

हेल्यू आत आली ती भिंतीला अंग चोरत.
तरी दिसलंच मला:
डाव्या कमरेपासून मांडीपर्यंत
पसरलेलं आणखी एक बेट.

"काल शिडीवरून घसरले," ती म्हणाली,
मी विचारायच्या आधीच.
"सफरचंदं काढताना."

एकतीस वर्षं मी इथली नर्स होते.
आधी सायकलवरून, मग मोपेडवरून
लोकांच्या अंगावरचे मार वाचत फिरले.
मुका मार म्हणायचं आपलं,
त्याच्याइतकं बडबडं काही
मी माणसाच्या अंगावर पाहिलेलं नाही.

कातडी फाटत नाही, तेव्हा
आतल्या केसाहून बारीक नळ्या फुटतात.
रक्ताला बाहेरची वाट सापडत नाही,
ते तिथेच साकळतं, लाल,
मग जांभळं, मग डांबरासारखं.
मग येतात शरीराची झाडलोट करणारी माणसं,
कणाकणाने उचलतात, मोडतात,
जांभळ्याचं शेवाळी होतं,
शेवाळीचं पिवळं,
राई कापल्यावर मागे राहतं तसल्या शेताचं.
लोह मात्र टाकत नाहीत.
ठेवून देतात बाजूला, पुन्हा लागेल म्हणून,
माझी आई वाकडे खिळे ठोकून सरळ करायची
आणि माशांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची, तसं.

रंगावरून दिवस मोजू नका,
शिकाऊ मुलींना मी बजावायचे.
प्रत्येक कातडीची घाई वेगळी.
त्यात वय, त्यात रक्त पातळ करायची गोळी,
शिवाय मार उताराने खाली सरकतो,
लागतं एकीकडे, दिसतं भलतीकडे.
पण पिवळा रंग
एका रात्रीत येत नाही.

हेल्यूच्या बेटाचा अख्खा किनारा पिवळा होता.

"कालचा असेल तर ऊठ इथून," मी म्हटलं.
"पहिले दोन दिवस गार पट्टी.
ऊब लागली तर आतलं आणखी वाहील.
जुना असेल तर बस.
उबेने बरं वाटेल."

माइमूने दगडांवर पळीभर पाणी टाकलं.
वाफेत आधी आमची तोंडं गेली, मग खांदे.

हेल्यू उठली नाही.

बऱ्याच वेळाने वाफेतून आलं:
"सोमवारी.
आणि त्याच्या आधीच्या बुधवारी.
शिडीबिडी काही नाही.
स्वयंपाकघरात, चालता चालता.
जमीनच वर आली."
मग म्हणाली, "राइवोला कळलं
तर तो टालिनहून येईल,
त्याच्या त्या लिफ्टच्या घरात न्यायला.
मग कोंबड्या कुणाच्या?"

केर्तू अजून विशीतली.
तिने बर्चचा झुडका मांडीवर घेतला
आणि उगाच त्याची पानं सारखी केली.

राइवोचा नंबर माझ्याकडे आहे.
फोन करायचा की नाही, हे मी ठरवत होते,
आणि ठरवता ठरवता
माझी उजवी पोटरी तिच्यासमोर धरली.
लाकडाच्या ढिगावर आपटले परवा,
असं सगळ्यांना सांगून झालं होतं माझं.

चष्मा नव्हता तिला.
नाक गुडघ्याला टेकेल इतकी वाकली,
बोटाने कडेकडेने फिरली, न दाबता.

"हे परवाचं नाही," ती म्हणाली.
"शेवाळी आहे गं."