अर्धा अंश

नियमपुस्तिका एकवीस पानांची,
आणि पहिल्याच पानावर, जाड अक्षरात:
ज्याची परवानगी लिहिलेली नाही, ते करायचं नाही.
निनाद म्हणाला, हे तर आपल्या रेसिडन्स कार्डासारखं.
मी म्हटलं, पान उलट.

स्प्रिंगा कंपनीच्याच. मागची सीट जागेवर.
वजन घटवायला एसी काढायचा नाही
(सोहारमध्ये हे वाचून कोण हसणार नाही?).
टायर वर्षभर रस्त्यावर टिकणारे हवेत,
शर्यतीचे मऊ, चिकट नव्हेत.
शॉक अब्झॉर्बर बदलता येतात. ते मी नाही बदलले;
त्या पैशांत मैत्रेयीची एका सत्राची फी बसते.

उरलं काय, ते नुवनने दाखवलं.
इंडस्ट्रियल एरियातलं गॅरेज, रात्रीचे साडेनऊ,
पंख्याची हवासुद्धा कुणीतरी आधी वापरलेली.
दोन बोल्ट त्याने सैल केले, काढले नाहीत,
चाक वरून आत रेटलं, अंगाचा सगळा भार टाकून,
आणि दातांत टॉर्च धरून म्हणाला, मॅडम, आवळा आता.
भोक बोल्टापेक्षा केसभर मोठं असतं.
कारखान्यानेच ठेवलेली ढिलाई.
तेवढ्यात अर्धा अंश मावतो.
दुसऱ्या बाजूलाही तसंच. माझी स्विफ्ट आता जराशी फेंगडी उभी,
आट्यापाट्यात पाटी अडवणाऱ्या पोरीसारखी.

मागच्या चाकांना तेवढीही मुभा नाही, आख्खा एक दांडा.
तिथे फक्त हवा. पुढे छत्तीस, मागे चव्वेचाळीस,
म्हणजे शेपूट वळायला राजी होतं.
मैत्रेयीच्या खडूने टायरच्या कडेला रेघ मारायची,
फेरी मारून यायचं, कुठवर पुसली ते वाचायचं.
आठवडाभर मी दुसरं काही वाचलं नाही.

शुक्रवारी पहाटे निघालो. सीबच्या अलीकडे
बंद पडलेल्या घाऊक बाजाराचं पार्किंग.
रात्रीच्या वाऱ्याने आणलेली वाळू
हमूद आणि त्याची भावंडं खराट्यांनी झाडत होती,
उद्या कार्य असलेल्या घरासारखी घाई.
जुम्म्याच्या नमाजाआधी आटपायचं होतं.

गाडीत जे जे सुटं ते बाहेर, असा नियम.
निघालं: मुलीची खुर्ची, तिची एकच चप्पल,
जॅक, पाण्याचे कॅन, वड्यांचा डबा,
आणि सीटखालून, दोन वर्षं शोधलेलं
माझं एक कानातलं.
चटईवर संसार ऊन खात बसला.
गाडी पहिल्यांदाच नुसती गाडी.

हमूदने बॅटरी हलवून पाहिली, ब्रेक दाबायला लावला,
मग पुढच्या चाकाशी उकिडवा बसून राहिला.
बोल्ट कंपनीचे?
कंपनीचे.
भोकं?
तीही.
हसला. हलाल, म्हणाला,
आणि दारावर त्र्याहत्तर आकडा चिकटवला.

जेमतेम मिनिटभराचा खेळ.
दुसरा गिअर, आणि जवळच्या शंकूकडे बघायचं नाही;
बघितलं की तो लागतोच. नजर त्याच्या पुढच्यावर,
त्याच्याही पुढच्यावर.
चौथ्या वळणाला शेपूट सुटलं. मी सुटू दिलं,
मग धरलं. कसं, विचारू नका,
हातांना माहीत होतं, त्यांनी मला सांगितलं नाही.
चौपन्न पूर्णांक एकतीस.
आणि शेवटच्या फाटकाशी एक शंकू आडवा: अधिक दोन.
नसता पडला तर तिसरी. पडला, म्हणून नववी.
मैत्रेयी तो शंकू सरळ करायला धावली,
कुणीतरी तिला ओढून मागे घेतलं.

परतताना सगळं पुन्हा आत भरलं.
मागची हवा उतरवली. कानातलं घातलं, एकच.
हायवेवर एकशेवीसच्या वर गेलं की गाडी टुणटुणते;
टुणटुणली. निनाद म्हणाला, बाई, हळू.
टायर आतल्या कडेने लवकर झिजतील,
नुवनने सांगून ठेवलंय.
पावणेदोनशे किलोमीटर, रस्ता जवळजवळ सरळ,
आणि मी उगीचच मधूनमधून
स्टिअरिंग केसभर हलवून बघत होते.