न पेरल्याचे पैसे

दर ऑक्टोबरला चेक येतो
न पेरल्याचा.
ओढ्याकाठचे चाळीस एकर, दहा वर्षांसाठी गवताला दिलेले.
पाणी निवळलंय, हे खरं.
डेल्मर टोर्गरसन कमरेएवढ्या गवताकडे
परक्याच्या गुरांकडे बघावं तसा बघतो.
हात खिशात. हातांना अजून कळलेलं नाही.

कॅफेत आज यादी फिरतेय:
काउंटीत सरकारनं कुणाला किती दिले.
बोटं नावांवरून उतरतात, कुणी शीळ घालतं,
कुणी म्हणतं, झोपून राहायचे बरे मिळतात!
मग टोर्गरसनपाशी सगळे गप्प.
त्याच्या नावाखाली, निम्म्या रकमेची, आर्डिस.
मार्चमध्ये पुरलं तिला.
कागदावर ती अजून
जमीन पडीक राखतेय.

डेल्मर सगळ्यांच्या कॉफीचे पैसे देतो.

नाव कमी करायचा फॉर्म
पिकअपमध्ये, काचेखाली,
जूनपासून उन्हात पिवळा पडतोय.