सदतिसावी

झाकणावर सोनेरी नाव कलकत्त्याच्या दुकानाचं.
विकणाऱ्याचं नाव बाहेरच असते.
खटके फिरवून पुढची फळी उतरवली
तेव्हा आतल्या दांडीवर दुसरं दिसलं, झिजलेलं:
...मान आणि मुलगे, बर्लिन.
आधीची अक्षरं वाळवीनं नेली.

सदरची शाळा, मे महिना, कूलरला पाणी नाही.
मी मूळचा टाइपरायटरवाला.
तीस वर्षं कोर्टाच्या मशिनी उघडल्या,
मग मशिनीच गेल्या.
सिस्टर लिडविन म्हणाल्या, गजभिये भाऊ, बघता का,
यालाही तशाच पट्ट्या आहेत.

तशाच कुठे, बाप्पा!
पट्टी दाबली की एक काठी उठते,
हातोडीला ढकलते, आणि ऐन वेळी
आपणच बाजूला सरते.
तारेपर्यंतचा शेवटचा रस्ता,
जवसाच्या दाण्याएवढा,
हातोडी एकटी जाते.
ढकलणारा सरला नाही तर सूर तिथंच मरतो.

पियानो बांधणारे वेगळे, हे काड्यांचं पोट करणारे वेगळे.
बर्लिनला म्हणे गल्ल्याच्या गल्ल्या होत्या या कामाच्या,
आपल्या इतवारीत सराफा आहे तशा.
खोकी भरून माल इंग्रजाकडे जायचा,
वरून नाव इंग्रजाचं.
मग लढाई लागली, खोकी थांबली.
या मान-आणि-मुलग्यांचं पुढं काय झालं, ठाऊक नाही.
मुलगे होते, एवढंच दांडीवर लिहून आहे.

कुजलेल्या फितींच्या जागी सुती नाडी लावली.
कसरीनं खाल्लेल्या नमद्याच्या जागी
क्लबातलं, बिलियर्डच्या टेबलाचं हिरवं कापड.
सदतिसावी तेवढी ऐकेना.
हातोडी जायची, परत यायला वेळ लावायची.
काढली. बुडाशी पेन्सिलीचा एक शब्द.
रुमालात बांधून घरी नेली.

उत्पला नर्स म्हणून तिकडंच चालली आहे, ऑगस्टात.
धरमपेठेत रोज संध्याकाळी क्लास,
फ्रिजवर, कपाटावर, माझ्या चष्म्याच्या डबीवरसुद्धा चिठ्ठ्या:
डेर, डी, डास.
तिनं हातोडी दिव्याखाली धरली.
"क्लेम्ट. म्हणजे अडकते, बाबा."
"बस, एवढंच?"
"एवढंच. बाजूला सहीसारखं काही."

म्हणजे ओळखलं होतं कोणीतरी.
खूण करून ठेवली, पुढच्या माणसासाठी.
पुढचा माणूस जेवायला गेला,
का भोंगा झाला, का खोकं आधीच खिळलं,
कोण जाणे.
शंभरावर वर्षं गेली
आणि पुढचा माणूस मी निघालो.

पिन काढली. भोकातला नमदा
शिवणाच्या सुईनं मोकळा केला, घाई न करता.
बोटानं हातोडी उडवली:
पाचदा झुलली, मग थांबली.
त्याच्या शब्दाखाली जागा होती.
"मोकळी" लिहिलं. तारीख. नागपूर.

उत्पला म्हणाली, त्यांच्या भाषेत लिहून देऊ का?
म्हटलं, राहू दे.
पुढचा लावेल क्लास.