दोन सुलट, एक उलट

हियुमा बेटावर, सॉनाच्या बाहेरच्या खोलीत
वाम्बोलाने स्टुडिओ थाटला :
भिंतींना फेरीबोटीवरची जुनी घोंगडी,
दाराच्या फटीत लोकरी मोजा,
आणि फळीवर, बर्चच्या वाळक्या जुड्यांशेजारी
एक मायक्रोफोन,
ज्याच्याकडे तो पहिले दोन दिवस नुसता बघत होता.

वाचायचं काय, तर विणकामाचे नमुने.
पलीकडच्या घरातल्या हेल्वेचे डोळे गेले,
बोटं शाबूत आहेत.
कुणीतरी सांगायला हवं : दोन सुलट, एक उलट,
इथे टाका सोड, इथे रंग बदल.
वाम्बोला हो म्हणाला. लगेच नाही;
त्याच्या होकारालाही वेळ लागतो.

सत्तावन्न वर्षं त्याचं घोडं 'क'पाशी अडतंय,
आणि त्याच्या भाषेत दोनला म्हणतात काक्स.
इंजिनरूममध्ये खपून गेलं,
तिथे कोण कुणाचं ऐकतं.
पण पहिल्या रेकॉर्डिंगवरून हेल्वेने विणलेला हातमोजा
मनगटाशी असा फुगला, की आत बरणी मावली असती :
हा म्हणाला होता काक्स, काक्स, काक्स,
तिने इमानाने सहा टाके घातले.

म्हणजे कापायला काहीतरी हवं.

पहिलं सॉफ्टवेअर फुकट होतं,
कराच्या अर्जासारखं करडं.
अडीच तासांचं वाचन गिळलं
आणि ढेकरही दिला नाही.

दुसऱ्याला दरमहा भाडं.
"माझ्याच आ... आवाजाचं?"
त्यात एक बटण होतं : शांतता काढून टाका.
दाबलं.
अडणं गेलं, श्वास गेले,
आणि कुणी परका गृहस्थ
वाम्बोलाच्या गळ्यातून घडाघडा बोलू लागला.
तीनदा ऐकला. चौथ्यांदा, दिवा मालवून.
खोटं कशाला सांगू, त्याला तो माणूस आवडला.

हेल्वेने फाइल परत पाठवली.
"हा कोण आणलास? याला कुठली बोट गाठायचीय?
माझी सुई आत जाईतो याच्या चार ओळी होतात.
तू अडतोस ना, तेवढ्यात माझा टाका पडतो.
तूच वाच. फक्त दोन एकदाच म्हण."

तिसरं साठ दिवस वापरून बघायचं.
पडद्यावर सगळं स्वच्छ दिसे :
काक्सच्या आधी सपाट रेघ, गोठलेल्या खाडीसारखी,
मग क्, क्, क्, कुंपणाच्या खुंट्या,
मग शब्द.
तो खुंट्या उपटायचा,
बर्फ राहू द्यायचा.

साठ दिवस सरले, तरी ते बंद पडलं नाही.
फक्त उघडताना विचारू लागलं : अजून बघताय का?
आणि उत्तराचं बटण पाच सेकंद दाबता येत नसे.
पाच, चार, तीन...
पहिल्याच शब्दाशी अडलेलं यंत्र
वाम्बोला जन्मात प्रथम पाहत होता.
लोक त्याच्याशी करतात तसं
त्याने त्याचं वाक्य मध्येच पुरं केलं नाही.
बसून राहिला, केटलीकडे बघत.

फेब्रुवारीत पैसे भरले. फुकट किती दिवस वापरणार.
आता ते हात लावताक्षणी उघडतं.
हे त्याला थोडं लागलं.
हेल्वेला सांगायला गेला, 'क'पर्यंत आलाही,
पण ती टाचेचे टाके मोजत होती,
हात वर करून म्हणाली, थांब,
बोललास तर मला पहिल्यापासून मोजावं लागेल.