भट्टीवाल्याचं नाक

हिवऱ्यात माझ्या नाकाचं नाव आहे.
झाकण न उघडता सांगतो मी,
रस अजून कच्चा, की उद्या पहाटे भट्टी पेटवायची.
तीन वाड्यांतले लोक बोलावून नेतात,
म्हणतात, शाणू, जरा हुंगून सांग.

तर त्या मार्चात
माझी शांभवी पाणी पीत होती.
आधी तांब्यानं. मग कळशीलाच तोंड लावून.
मी म्हटलं, ऊन आहे.
रात्री चारदा उठायची,
मागच्या दिव्याचं बटण वाजायचं, टक.
तेराव्या वर्षी एकदा अंथरूण ओलं झालं,
तर चादर तिनं स्वतःच धुतली, उजाडायच्या आत,
आणि दोरीवर ती पाहूनही
मी काही विचारलं नाही.

गणवेशाला कमरेत पिन लावू लागली.
शेजारीण म्हणाली, उंची वाढतेय, अंग उतरणारच.
मास्तर म्हणाले, परीक्षेचा ताण.
तिच्या आईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या;
कुणाला ठसका लागला नाही.
"बघा, दिष्टच होती," ती म्हणाली,
आणि त्या रात्री आम्ही दोघं शांत झोपलो.

मग उलट्या. पोटात कळ.
उपाशीपोटी बोंडू खाल्ले असतील, मी म्हटलं.
मग श्वास: लांब, खोल,
जणू झोपेतच कुठला घाट चढत होती.

वाळपईला रिक्षातून उतरवली तेव्हा
सिस्टर एस्पेरांसा तिच्या तोंडाशी वाकली
आणि मला विचारलं,
"हिनं काही घेतलंय का?"
माझा हात उठायचा राहिला.
तिनं पुन्हा हुंगलं, या वेळी डोळे मिटून.
"नाही. ही दारू नव्हे."
आणि ती धावली.

बोटातून थेंबभर रक्त.
यंत्रानं आकडाच दाखवला नाही,
नुसती इंग्रजी अक्षरं: हाय.
साखर मोजण्यापलीकडे गेली, सिस्टर म्हणाली.
मी ते मराठीतच वाचलं.
यंत्रानं हाय खाल्ली, तिथं मी कोण?

बांबोळीपर्यंत मी तिच्या उशाशी होतो.
तेव्हा आला मला तो वास.
पिकून फुटलेल्या बोंडूंचा,
तिसऱ्या दिवशीच्या रसाचा.
माझ्या हातांना तोच, सदऱ्याला तोच,
सगळ्या गावाला तोच.
सगळ्या गावात मी तिला शोधलं नाही.

डॉक्टर तरुण होता. रागावला नाही.
रागवायला हवं होतं त्यानं.
म्हणाला, गोड खाऊन होत नाही हे, कुणाची चूक नाही,
पण इन्सुलिन एक दिवसही सुटता कामा नये,
ताप असो, उपास असो.
आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर...
वाक्य त्यानं तिथंच सोडलं.
मी अजून ते रोज पुरं करतो.

आता दिवसाला चार सुया.
फ्रिजच्या दारात, लोणच्याशेजारी, तिची पेनं.
दप्तरात साखरेची पुडी.
हात थरथरले, घाम फुटला, उगाच चिडली,
तर आधी साखर, मग प्रश्न;
मास्तरांनी कपाटाच्या दाराला कागद चिकटवलाय.
एकदा मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिनं सुई टाळली.
मी बोललो ते बोललो.
"तुला टोचतात का?" तिनं विचारलं.
त्या रात्री एक नवी, रिकामी सुई
मी माझ्या पोटाला टोचून पाहिली.
फारसं दुखलं नाही.
पण मला सकाळी पुन्हा टोचायची नव्हती.

मार्च पुन्हा आलाय.
भट्टीवरून परतल्यावर मी विहिरीवर उभा राहतो,
साबण दोनदा लावतो, कोपरापर्यंत,
मिशीलासुद्धा.
मग आत जाऊन तिच्यावर वाकतो.
"बाबा, मशीन आहे ना," डोळे न उघडताच ती म्हणते.
आहे.
तरी तू श्वास सोड.